बारव उपसा : कामाची वही (जानेवारी ते सप्टेंबर २०२५)

परभणी जिल्हा, जिंतूर-सेलू पट्टा. गावठाणातली जुनी बारव (पायऱ्या उतरून जायची विहीर), घडीव काळा पाषाण, चुना न वापरता रचलेली. मतदार १,६४०. वही गावातल्या चौघांनी पाळीपाळीने लिहिली आहे. दुसऱ्या गावाला उपयोगी पडेल एवढंच इथे उतरवलं आहे.

५ जानेवारी, रविवार : मोजणी

बारवेचं तोंड ४२ × ४२ फूट. उतरायला एकच बाजू, म्हणजे शास्त्रातल्या नावाने ‘नंदा’ (दोन वाटा असल्या तर भद्रा, तीन जया, चार विजया). जिन्याची रुंदी ५ फूट. दिसणाऱ्या पायऱ्या २३, पुढच्या पाण्यात. पाण्याच्या पातळीला आत २४ × २४ फूट, पाणी ५ फूट, त्याखाली गाळ.

गाळ किती, यावर पारावर तीस फुटांपासून तीन फुटांपर्यंत सगळे आकडे ऐकले. १२ मिमीचा २० फुटी गज घेऊन तराफ्यावरून नऊ ठिकाणी खुपसला. दगडाला टेकला की ‘टण्’ असा हात बसतो, गाळात अडकला तर नुसता जड होतो. नऊ नोंदी साडेसहा ते साडेसात फुटांच्या दरम्यान आल्या. सरासरी ७ धरली. खालचं कुंड १८ × १८. म्हणजे २,२६८ घनफूट, पावणेतेवीस ब्रास (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, तेवढीच एक ट्रॉली). उपसल्यावर गाळ फुगतो, त्याचे पाचवा हिस्सा जास्त धरले तर २७-२८ ट्रॉल्या.

हा आकडा आधी काढण्याचं कारण असं, की नंतर कोणी ‘शंभर ट्रॉल्या गेल्या, कुठं गेल्या?’ म्हणालं तर मोजणीचा कागद आधीच्या तारखेचा असावा. कागदावर नऊ जणांच्या सह्या आहेत, त्यातले चार जण एकमेकांशी बोलत नाहीत.

उत्तरेच्या भिंतीला पोट आलेलं आहे, म्हणजे ती आतल्या बाजूला फुगली आहे. ओळंबा सोडून मोजलं, अडीच इंच. सांध्यांतून पिंपळाची तीन रोपं, एक मनगटाएवढं जाड. वरच्या कडेला चारी बाजूंनी ४ इंची काँक्रीट, बाहेर पेव्हर ब्लॉक, लोखंडी कठडा. हे जुनं ‘सुशोभीकरण’. पोट येण्याचं कारण बहुधा इथेच आहे. चुन्याविना रचलेल्या भिंतीमागचं पाणी सांध्यांतून झिरपत बाहेर यायचं असतं. वरून काँक्रीट आणि सांध्यांत सिमेंट भरलं की ते पाणी मागे तुंबतं आणि भिंत ढकलतं.

८ जानेवारी

माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. मागितलं आहे : सुशोभीकरणाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, पूर्णत्वाचा दाखला आणि फोटो. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मोठा निबंध लिहिला की अर्ज परत करायला कारण मिळतं. ‘का केलं’, ‘कोण जबाबदार’ असले प्रश्न लिहायचे नाहीत, कागदाचं नाव लिहायचं.

मोजमाप पुस्तिका ग्रामपंचायतीत नसते, पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असते. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज कलम ६(३) खाली पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. त्यामुळे आपल्याला कार्यालय शोधत हिंडावं लागत नाही.

१२ जानेवारी : दोन वह्या

पारावर बैठक, ४० च्या आसपास माणसं. पहिला तासभर ‘ह्यांनी खाल्लं, त्यांनी खाल्लं’ यातच गेला. तीन वर्षांपूर्वी हेच काम हाती घेतलं होतं, तेही इथेच अडलं. तेव्हा तक्रारीचे आणि श्रमदानाचे पुढारी एकच होते. तक्रार पक्षाची झाली, मग घमेलं उचलणंही पक्षाचं झालं आणि निम्मं गाव घरी बसलं.

या वेळी ठरलं ते असं. कागद मागणारे वेगळे, गाळ काढणारे वेगळे. माहिती अधिकाराच्या अर्जावर ज्यांची सही आहे त्यांनी कामाच्या पैशाला हात लावायचा नाही, आणि कामाच्या फळ्यावर तक्रारीचा एक शब्दही लिहायचा नाही. दोन वह्या, दोन माणसं : पहिली कामाची, दुसरी कागदांची. कोणावर विश्वास टाकायची गरजच पडणार नाही अशी कामाची मांडणी करायची.

पैशाचंही तेच. खातं कोणाच्या नावावर, यावर एकमत होणं शक्य नव्हतं. ग्रामपंचायतीच्या खात्यात कोणी द्यायला तयार नाही, संस्था नोंदवायची तर पावसाळा येईल. म्हणून रोख गोळाच करायची नाही. लागणाऱ्या वस्तूंची यादी भिंतीवर लावायची, ज्याला जमेल त्याने ती वस्तू आणून द्यायची किंवा दुकानदाराला, डिझेल पंपाला थेट पैसे द्यायचे आणि पावती फळ्याशेजारी खिळ्याला अडकवायची. यात एक अडचण आहे : सगळ्यांना हार-फुलासारखं दिसणारं काही द्यायचं असतं, गमबूट कोणाला नको. गमबुटांचे पाच जोड शेवटपर्यंत राहिले, ते बचत गटाने दिले.

१९ जानेवारी

वालूरला सहा जण जाऊन आलो (ता. सेलू). तिथली चक्राकार बारव गावाने श्रमदानातून मोकळी केली आहे. टपाल खात्याने तिच्या चित्राचं पोस्टकार्डही काढलं. पाहण्यासारखं बरंच आहे, पण आपल्या कामाचं एवढंच : पायऱ्यांवर माणसं कशी उभी करायची आणि गाळ ठेवायला वर किती जागा लागते.

२६ जानेवारी, रविवार : ग्रामसभा

बारव ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आहे, काँक्रीटची कडही आता तिच्यातच धरलेली. ठरावाशिवाय छिन्नी लावली तर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा आपल्याच अंगावर. ती राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, हे आधी पाहून घेतलं. असती तर पुरातत्त्व संचालनालयाच्या परवानगीशिवाय पायरीलाही हात लावता आला नसता.

गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. आपल्याकडे १००. सह्या ११८ झाल्या, त्यांत बायका ४७. सकाळी झेंड्यानंतर लगेच सभा घेतली म्हणून एवढी माणसं. दुपार झाली असती तर तहकूब झाली असती.

ठराव असा : (१) श्रमदानाने गाळ काढणे, (२) कडेचं काँक्रीट हाताने काढणे, (३) गाळाचं वाटप जाहीर चिठ्ठीने, (४) हिशेब रोज फळ्यावर, (५) ग्रामनिधीतून खर्च नाही. पाचवं कलम मुद्दाम घातलं. पैसा नसला की बिलही निघत नाही.

इतिवृत्ताची युक्ती : सभा संपायच्या आत ठराव नोंदवहीत लिहून घ्यायचा, मोठ्याने वाचायला लावायचा, आणि शेवटच्या ओळीखाली रेघ ओढून त्या पानाचा फोटो सभेतच काढायचा. मागे दोन वेळा ठरावात नंतर ओळ घुसलेली आहे. ग्रामसेवकांनी (हुद्द्याचं नाव आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’, पण गावाच्या तोंडी ग्रामसेवकच) कुरकूर न करता वाचून दाखवलं, हेही नोंदवायला हवं.

२९ जानेवारी : पाणी उपसायच्या आधी

५ एचपीचा चिखल ओढणारा विजेचा पंप. २०० लिटरचं पिंप २० सेकंदांत भरलं, म्हणजे तासाला ३६,००० लिटर. बारवेतलं पाणी २४ × २४ × ५ = २,८८० घनफूट, साधारण ८१,५०० लिटर. सव्वादोन तासांत बारव कोरडी होईल.

आणि नेमकं तेच करायचं नाही. भिंतीमागची माती पाण्याने भरलेली असते, आतलं पाणी तिला समोरून टेकू देत असतं. आतलं एकदम काढलं तर मागचं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही आणि भिंत आत येते. शेतातल्या जुन्या विहिरी उपसताना ढासळतात त्या याच कारणाने. आपण दिवसाला एक फुटापेक्षा जास्त उतरवायचं नाही असं ठरवलं : १६,३०० लिटर, म्हणजे पंप २७ मिनिटं.

सहा ठिकाणी काचपट्ट्या बसवल्या. खिडकीच्या काचेची ६ इंची पट्टी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवलेली, वर नंबर आणि तारीख. दगड केसभर हलला तरी काच तडकते. खर्च जवळजवळ शून्य.

विजेचं : ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, पंप चालू असताना पाण्यात कोणी नाही. डिझेल इंजिन फुकट मिळत होतं, नाकारलं. इंजिन खाली उतरवलं की धूर खालीच साठतो आणि माणूस वर येत नाही. दरवर्षी कुठे ना कुठे अशा बातम्या येतातच. मेणबत्ती उतरवून पाहण्याची पद्धत फक्त प्राणवायू कमी आहे का ते सांगते, विषारी वायूचं काही सांगत नाही. बारवेचं तोंड रुंद आहे म्हणून धोका कमी, पण गाळ ढवळल्यावर सडक्या अंड्याचा वास आला की सगळे वर, अर्धा तास थांबायचं. वास येता येता बंद झाला तर जास्त घाबरायचं, कारण नाक बधिर झालेलं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार : काच क्रमांक ३

३० जानेवारीपासून रोज एक फूट बरोबर चाललं होतं. आज पंपावरचा माणूस चहाला गेला आणि पंप ४३ मिनिटं चालला. पाणी १ फूट ७ इंच उतरलं. संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवरची काच क्र. ३ आडवी तडकलेली. ओळंबा : पोट अडीचचं पावणेतीन इंच.

उपसा दोन दिवस बंद. पाणी आपोआप ८ इंच चढू दिलं. वाळूची ४० पोती पोटाच्या पायथ्याशी रचली, दोन बल्ल्यांचा तिरका टेकू दिला. ५ तारखेपासून पुन्हा सुरू. आता पंपाजवळ पट्टी रंगवून ठेवली आहे, त्या दिवसाची खूण दिसली की तिथे असेल त्याने बटण बंद करायचं, कोणाला विचारायचं नाही. फळ्यावर लिहिलं : ‘आज ७ इंच जास्त उपसा झाला. चूक आपली.’ हे लिहावं की नाही यावर वाद झाला. लिहिलं ते बरं झालं, कारण दुसऱ्या दिवशी गावात ‘भिंत पडली’ अशी आवई उठली आणि फळा वाचलेल्यांनीच ती मोडून काढली.

७ फेब्रुवारी

गाळाचा माथा उघडा पडला. दिवड दोन (बिनविषारी, तरी हात लावायला सर्पमित्र), कासवं पाच, मासे दोन बादल्या. सगळं शिवारातल्या तळ्यात सोडलं.

९ फेब्रुवारी, रविवार : साखळीचा पहिला दिवस

माणसं ३१, वेळ ६.४० ते ९.२०, घमेली ६४०.

हिशेब असा. दर दोन पायऱ्यांना एक माणूस, वर ट्रॉलीपर्यंत आठ : पूर्ण साखळीला २४ माणसं, खाली भरायला पाच, उरलेली बदली. माणसं कमी असली तर मधल्या टप्प्यावर ढीग करून दोनदा उचलावं लागतं आणि तेवढ्याच गाळाला दीडपट वेळ जातो. म्हणून कामाच्या दिवशी १८ च्या खाली हजेरी असली तर गाळ काढायचाच नाही, काँक्रीटची कड छिलायची.

चुकलं ते : रिकामी घमेली वरून फेकत होते. दुसऱ्या तासाला एकाच्या भुवईला चार टाके. त्यानंतर रिकामी घमेली दोरात ओवून कोपऱ्यातून खाली. भरलेलं घमेलं जिन्याच्या उजव्या अंगाने, डावी बाजू उतरणाऱ्यांसाठी मोकळी. लोखंडी घमेल्यांचे कान दोन दिवसांत निसटतात आणि हात कापतात, टायरच्या रबराची टिकली. भरायचं तीन-चतुर्थांशच. ओला गाळ काठोकाठ भरला की वजन वीस किलोच्या वर जातं आणि सांडलेला गाळ पायऱ्यांवर शेवाळापेक्षा घसरडा होतो. दर अर्ध्या तासाला पायऱ्यांवर बारीक मुरूम टाकायचा.

रांगेत कोण कोणाशेजारी, हे चिठ्ठीने. गल्लीगल्लीचे गट उभे केले की रांग सांध्याला तुटते. एका गल्लीच्या शेवटच्याने दुसऱ्या गल्लीच्या पहिल्याला घमेलं द्यायचं आणि त्याने ते ‘मिळालंच नाही’ म्हणायचं, असला प्रकार पहिल्या अर्ध्या तासात झाला. या बारवेवर कोणत्या वस्तीला किती पायऱ्या उतरायची मुभा होती हे सांगणारी माणसं अजून हयात आहेत. त्यामुळे चिठ्ठी हा नुसता सोयीचा भाग नव्हता.

१० फेब्रुवारी : फळा

पाराच्या भिंतीवर ६ × ४ फुटी काळा फळा. रकाने : तारीख, माणसं, घमेली, ट्रॉल्या, ट्रॉली कोणाच्या शेतात, वस्तू आल्या, वस्तू वापरल्या. दिवेलागणीच्या आत लिहायचं. खडू पुसायचा नाही, चुकलं तर रेघ मारून वर बरोबर आकडा आणि आद्याक्षर. वहीतही तेच, रोज एक फोटो.

घमेली मोजायला वर दोन माणसं, दोन वेगळ्या बाजूंना, प्रत्येकाकडे ज्वारीच्या दाण्यांची पिशवी. दहा घमेल्यांना एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. काल एकाचे ६४ दाणे, दुसऱ्याचे ६५. कमी आकडा धरला. आज एका बाईंनी फळ्यापुढे उभं राहून सांगितलं, माणसं ३१ नाहीत, ३२ : भाकरी करून आणणारी धरली नाही. रेघ मारली, ३२ केले. त्या दिवसापासून फळा वाचायला थांबणारी माणसं वाढली. चूक सापडते असा हिशेब लोक मन लावून वाचतात, असं दिसतं.

१२ फेब्रुवारी (दुसरी वही)

बांधकाम उपविभागात कागद पाहिले. नियमाप्रमाणे पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. ४० मिनिटांत झालं. प्रती दोन रुपये पान. अंदाजपत्रक २,९८,००० रुपयांचं. मोजमाप पुस्तिकेत पेव्हर ब्लॉक १,१०० चौरस फूट, कठडा १४० रनिंग फूट. जागेवर फीत लावली : ७४० आणि ९६. पूर्णत्वाचा फोटो ‘उपलब्ध नाही’. अर्धवट माहितीवर पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचं स्टॅम्प. तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे मोजमापाच्या तक्त्यासह, विशेषणं न लावता.

१५ व्या वित्त आयोगाचा खर्च पाहायला अर्जही लागत नाही, ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर आराखडा आणि अदा रकमा दिसतात. तरुणांनी आपल्या गावाची पानं काढून वाचायला सुरुवात केली आहे. वाचायला लागतं ते अंदाजपत्रकाचं मराठी, ते मात्र कोणी शिकवत नाही.

१६ फेब्रुवारी : मूर्ती

आग्नेय कोपऱ्यात, गाळात साडेतीन फुटांवर दगडी मूर्तीचा तुकडा, डोकं नाही. हात न लावता फोटो, पट्टी ठेवून मोजमाप, कोपऱ्याला दोरी, तलाठ्यांना फोन. पंचनामा १८ तारखेला. जमिनीत पुरलेलं मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. मूर्ती-शिल्पांना पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही लागतो. ‘देवळात बसवून टाकू’ म्हणणारे बरेच होते.

फळ्यावर : ‘सापडलेलं : मूर्तीचा तुकडा १, तांब्याचे गडू २, सोनं ०.’ शेवटचा आकडा लिहूनही दोन रात्री राखणीला चार-चार माणसं लागली, धनाची अफवा शेजारच्या गावापर्यंत गेली होती.

१९ फेब्रुवारी : चिठ्ठ्या

वरचा दीड फूट गाळ म्हणजे प्लास्टिक, बाटल्या, निर्माल्य, नारळाच्या करवंट्या, इंजेक्शनच्या सुया. हातमोज्यांचे ६० जोड लागले ते त्यामुळे. हा कचरा ३ ट्रॉल्या, वेगळा. खालचा काळा गाळ २५ ट्रॉल्या निघेल.

अर्ज ४१, सगळे पाच एकरांच्या आतले. चिठ्ठ्या चौथीच्या मुलीने काढल्या, एकाला एकच ट्रॉली. आधी सगळ्यांना हिशेब सांगितला : शंभर घनफूट गाळ दोन इंच थराने पसरला तर ६०० चौरस फूट, जेमतेम अर्धा गुंठा. एवढ्यासाठी भांडू नका. भांडले. दोघांनी चिठ्ठी न लागल्यावर श्रमदानाला यायचं सोडलं, त्यातला एक चार दिवसांनी परत आला.

पुढाऱ्यांच्या शेतात एकही ट्रॉली गेली नाही. पाच एकरांच्या अटीनेच ते बाहेर राहिले, कोणाचं नाव घ्यायची वेळ आली नाही.

२६ फेब्रुवारी : महाशिवरात्र

काम बंद, रात्री पायऱ्यांवर पणत्या. ‘शुभेच्छुक’ फ्लेक्स लावायला माणसं आली. ग्रामसभेच्या ठरावात याबद्दल काही नव्हतं, ते आपलं चुकलंच. तोंडी एवढंच सांगितलं की फलकावर फोटो नको. श्रमदानाला यायचं असेल तर सकाळी साडेसहाला, रांगेतली जागा चिठ्ठीने. फ्लेक्स बारवेपासून लांब, रस्त्यावर लागला. दुसऱ्या दिवशी सरपंच आले, चौदाव्या जागेवर पावणेदोन तास उभे राहिले. फळ्यावर हजेरीत एक आकडा वाढला, नाव कोणाचंच लिहीत नाही.

२ मार्च, रविवार

तळ लागला. एकूण घमेली ६,१८०, ट्रॉल्या २८ (कचऱ्याच्या ३ धरून). ५ जानेवारीचा कागद फळ्याशेजारी टाचला. आधी पाण्यात आणि गाळात असलेल्या आणखी ९ पायऱ्या, म्हणजे एकूण ३२. पश्चिमेच्या भिंतीत दोन देवकोष्ठं (मूर्ती ठेवायचे कोनाडे), रिकामी. तळाच्या फरसात वायव्येला हाताच्या पंजाएवढ्या फटीतून झरा : पाणी इतकं थंड की त्यात पाय ठेवून कोणी मिनिटभर उभं राहत नाही.

शेवटच्या अडीच फुटांना साखळी उपयोगी पडली नाही, खाली पाचच माणसं मावतात. तिपाई, चेन पुली आणि शंभर लिटरचं अर्धं कापलेलं पिंप वापरलं. तिपाईचे पाय काठाच्या दगडावर नको, मागे दोन फूट फळीवर.

लागलेल्या वस्तूंची किंमत : पंपाचं भाडं ६,३००, दोर २,४००, घमेली ४० ची ५,२००, गमबूट २० जोड ७,०००, हातमोजे २,४००, डिझेल ५,१००, केबल आणि आरसीसीबी ३,१००, फळा आणि रंग ९००, औषधपेटी १,५००. एकूण ३३,९०० रुपये. ट्रॅक्टर तिघांचे, फुकट.

९ मार्च

पिंपळ : ओढायचा नाही, मुळं सांध्यात फुगलेली असतात, ओढली की दगडासकट येतात. बुंधा भिंतीलगत कापायचा, दर पंधरा दिवसांनी फुटवे खुडायचे. तणनाशक नाही, खाली पाणी आहे. वर्ष-दीड वर्ष लागेल आणि तोवर कंटाळा हा मुख्य शत्रू.

काँक्रीटची कड छिन्नी-हातोड्याने, तीन बाजू पूर्ण. ब्रेकर मशीन फुकट मिळत होतं. हादऱ्याने सुटे दगड हलतात म्हणून नको म्हटलं. उत्तरेची बाजू तशीच ठेवली आहे. पोट आलेली भिंत उतरवून पुन्हा रचायला दगडांना नंबर घालणारा जाणकार गवंडी आणि अभियंता लागेल, हे श्रमदानाचं काम नाही.

२० मार्च

पाणी साडेचार फूट. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी पडते ती) भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी काळी. म्हणजे पिण्याला नाही. वापर : जनावरांचा हौद, रोपवाटिका, धुणं. तशी पाटी लावली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा (१९२७) हा दिवस. पहिली कळशी कोणी भरायची, हा प्रश्न कोणी काढायच्या आत सातवीच्या वर्गाने रांगेत उभं राहून हौद भरून टाकला.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. काँक्रीटची कड काढली पण गल्लीचं पाणी वळवायचा चर अजून खणला नव्हता, पाऊस जूनचा धरून चाललो होतो. गढूळ पाणी थेट आत. पायऱ्यांवर दोन इंच गाळ परत. घाईने दक्षिणेला चर आणि ४ × ४ × ३ फुटांचा गाळखड्डा, आत आधी मोठे, वर बारीक दगड. मोठ्या पावसानंतर खड्डा उपसावा लागतो, नाहीतर तो नसल्यासारखाच. सहा गल्ल्यांच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या.

१० ऑगस्ट (दुसरी वही)

पहिल्या अपिलाचा निकाल : ‘फोटो शोधून द्यावा.’ दिला नाही. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे, ९० दिवसांच्या मुदतीत टपालाने. मोजमापाच्या तक्रारीवर फेरमोजणीचं पत्र निघालं आहे, माणूस आलेला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

मराठवाड्यात महिनाभर धुवाधार पाऊस. पाणी वरून सहाव्या पायरीला. आपल्या मापात एवढं पाणी पहिल्यांदाच, उतरेल तेव्हा ते आपोआप हळू उतरू द्यायचं, कोणाच्याही शेताला पंप लावू द्यायचा नाही. काचा : पाण्यावर दिसतात त्या १, २ आणि ५ शाबूत. ३ च्या जागी लावलेली नवी काच पाण्याखाली आहे, ओळंबा घेता येत नाही.

गाळखड्डा तीनदा भरला, दोनदा उपसला गेला. एक पाळी चुकली, वेशीकडच्या गल्लीची. फळा पावसाने धुऊन निघाला, वहीवरून पुन्हा लिहायचा आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे विषय : उत्तरेच्या भिंतीसाठी तज्ज्ञाची पाहणी, फलकांबाबत ठराव, ग्रामसेवकांकडे वाचून दाखवायला आधीच मसुदा. खडूचे दोन डबे लागतील.